मोहिते आणि झटक्याचं मशीन

आमच्या हॉस्पिटलच्या रिपेरिंग रूममध्ये आम्ही तिघं: मी, पंड्या आणि मोहिते. मशीनं बिघडून येतात, दुरुस्त होऊन जातात, किस्से मात्र इथेच साठतात. परवा चहाला बसलो तर एकेक करून मोहितेचेच निघायला लागले. बायको गेल्यापासून तो रजेवर आहे, आणि त्याची रिकामी खुर्ची आमच्याने बघवत नाही.

*

जनरल वॉर्डातला पंखा नुसता हूं हूं करत उभा. कोकिलाबेन सिस्टरनी छत्रीच्या टोकाने ढकलला, तर फिरला की! थोड्या वेळाने त्यांचा गुजरातीत फोन, "मोहितेभाई, पंखो तो फरे छे, पण हवा उपर जाय छे!"

"बेन, कॅपॅसिटर गेलाय. एसी करंटवर कुठल्या बाजूला फिरायचं ते पंख्याला तो सांगतो. तो नसला की तुम्ही ढकलाल तिकडे!"

"तो हवे शुं करूं?"

"आता छत्री दुसऱ्या बाजूने लावा. मी आलोच."

*

पंड्याचा पराक्रम तर विचारूच नका. लाइट गेले म्हणून पठ्ठ्याने एका मशीनचा ट्रान्सफॉर्मर थेट बॅटरीला जोडला. खोलीभर धूर!

मोहिते भडकला. "अरे, एसी करंट सारखा उलटसुलट होतो, म्हणून कॉईल त्याला अडवते. बॅटरीचा डीसी एकाच दिशेने वाहतो, त्याला ती नुसती तांब्याची तार! अडवणार कोण, तुझा काका?"

पंड्या शांतपणे म्हणतो, "पण वायर तो बराबर जोडी हती ने!"

*

मोहितेच्या बायकोचं, सुनंदावहिनींचं हृदय गेल्या वर्षापासून कमजोर झालं होतं. पाणीगेट भागातल्या घरी एकदा भाकऱ्या थापता थापता त्यांनी मोहितेला विचारलं, "तुमचं ते छातीला झटका द्यायचं मशीन, ते मला लावलं तर फार लागेल का हो?"

ह्याने आपलं समजावलं. बॅटरीच्या डीसीने आधी कॅपॅसिटर भरायचा. मग तो चार्ज कॉईलमधून छातीत सोडायचा. कॉईल त्याला एकदम धावू देत नाही, म्हणून झटका जरा सावकाश बसतो.

वहिनी म्हणाल्या, "मग माझ्या वेळी कॉईल चांगली मोठी घाला!"

हे त्याने आम्हाला हसत हसत सांगितलं. आम्हाला काही हसू आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो आल्या आल्या आधी ते मशीन तपासायचा.

*

आणि मग ती दुपार. वहिनी आमच्याच आयसीयूत होत्या. मोहिते मशीनपाशी, मी दारात. मुलगी रेवा आईचा हात सोडायला तयार नव्हती. डॉक्टर शाहसाहेब ओरडले, "सगळे बाजूला! कोणी हात लावू नका!" सिस्टरनी तिला ओढून भिंतीपाशी नेलं. झटका दिला. छाती दाबली. पुन्हा झटका, पुन्हा दाबणं. मला तिथे उभं राहवत नव्हतं.

मशीन पुन्हा भरलं. शाहसाहेबांनी स्क्रीनकडे पाहिलं. सरळ रेष. तिथे झटक्याचा उपयोग नसतो, हे मोहितेला माहीत होतं.

"मोहिते, मशीन डिस्चार्ज करून टाका."

"कॅपॅसिटर भरलाय साहेब. एकदा द्या ना."

शाहसाहेबांनी नकारार्थी मान हलवली.

मोहितेने बटण दाबलं. चार्ज मशीनच्या आतच जिरला. स्क्रीनवर शून्य येईपर्यंत तो बघत राहिला. मग भिंतीकडे वळून म्हणाला, "ये बेटा. आता आईला हात लाव. आता काही होत नाही."