तरंगणारा बर्फ आणि अक्का

राजारामपुरीतल्या शाळेत मी एकतीस वर्षे विज्ञान आणि भूगोल शिकवला. पृथ्वीगोल टेबलावर ठेवून मी त्याच्या माथ्यावरच्या पांढऱ्या भागावर बोट टेकवत असे आणि सातवीच्या फळ्यावर लिहीत असे, "उत्तर ध्रुवाचा बर्फ वितळला की समुद्राची पातळी वाढते." वाक्याखाली पट्टीने रेघ मारण्याची माझी सवय होती. रेघ मारलेले वाक्य परीक्षेत येते, हे मुलींना ठाऊक असे.

निवृत्तीनंतर शिरोळ तालुक्यातल्या एका गावाच्या वाचनालयाने मला हवामानबदलावर बोलायला बोलावले. मी लगेच होकार दिला, कारण माझी थोरली बहीण त्याच गावात राहते. व्याख्यान गावासाठी असले, तरी माझा श्रोता एकच होता.

अक्का चौथीनंतर शाळेत गेली नाही. आई शेतावर जाई, आणि घरी मला सांभाळायला कोणीतरी हवे होते. आता ती नदीकाठच्या घरात दोन म्हशींसह एकटी असते. मुलगा वारणानगरला नोकरीला आहे. मागच्या मोठ्या पुरात पाणी उंबऱ्याला लागले तरी ती निघाली नव्हती. घराच्या भिंतीवर सासऱ्यांनी जुन्या पुराची खूण करून ठेवली आहे, पाणी तिच्यावर जायचे नाही, असा तिचा हिशेब. पाणी खुणेच्या हातभर वर गेले. अक्काला होडीतून काढले, एक म्हैस मात्र गेली. पुढच्या वेळी तिने वेळेवर निघावे आणि माझ्याकडे यावे, एवढीच माझी इच्छा होती. चार वेळा विनवून झाले होते. विज्ञान तरी ऐकेल, असे वाटले.

वाचनालयात चाळीसएक माणसे होती. मी गोल फिरवला, पांढऱ्या भागावर बोट टेकवले आणि तेच वाक्य म्हटले. मागच्या बाकावरून एक तरुण शेतकरी उठला.

"बाई, ह्ये समदं परदेशी लोकांचं नाटक हाय. मोबाईलवर व्हिडिओ बघितलाय मी. बर्फ हाय तेवढाच हाय!"

"व्हिडिओत सांगितलं म्हणून खरं होतं का? मोजमाप बघा," मी वर्गातल्या आवाजात म्हणाले. लोक हसले, टाळ्या पडल्या, तो खाली बसला. मी जिंकले होते.

परतताना अक्काने मला एसटी थांब्याजवळच्या रसवंतीत नेले. साखरेच्या आजारामुळे ती रस पीत नाही. तिने माझ्यासाठी रस सांगितला आणि स्वतःसाठी काचेच्या पेल्यात साधे पाणी घेऊन त्यात बर्फाचा मोठा खडा टाकला. मग तांब्यातले पाणी काठोकाठ ओतले. खड्याचे टोक पाण्यावर आले होते.

"काय वो बाई," ती म्हणाली. मी चुकले की ती मला अशीच अहोजाहो करते. "तुमचा त्यो वरचा बर्फ जमिनीवर हाय का पाण्यात तरंगतोय?"

"समुद्रावर तरंगतो."

"मग बसा गप, आन् ह्यो पेला बघा."

आम्ही बसलो. माझा रस संपला. खडा बारीक होत गेला, शेवटी दिसेनासा झाला. पाण्याचा एक थेंबही बाहेर सांडला नाही.

"न्हाय वाढला की तुमचा समुद्र," अक्का म्हणाली आणि पाणी पिऊन टाकले.

तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, हे मीच आठवीला शिकवत असे. सातवीचा धडा आणि आठवीचा धडा एकतीस वर्षांत मी कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. खाऱ्या पाण्यात किंचित फरक पडतो, परंतु तो नगण्य. पातळी वाढते ती जमिनीवरचा बर्फ समुद्रात गेल्याने आणि तापलेले पाणी फुगल्याने.

"मग तरंगता बर्फ ग्येला तर ग्येला की. तुला कशाची काळजी?"

मी तिच्या गोठ्याकडे बोट केले. रसवंतीतून त्याचे पत्र्याचे छप्पर दिसत होते. त्याला ती दर उन्हाळ्यात चुना लावते, म्हणजे म्हशींना ऊन कमी लागते. "तो बर्फ असाच पांढरा आहे. ऊन परतवतो. तो गेला की खालचा काळा समुद्र ऊन पितो."

"म्हंजे चुना निघालाय म्हन की," ती म्हणाली. "ह्ये का न्हाय सांगितलंस मगाशी?"

पुढच्या रविवारी मी पुन्हा वाचनालयात गेले आणि चूक दुरुस्त केली. तो तरुण हसला. "बघा! म्हंजे समदंच खोटं की!" मी म्हणाले, "माझं एक वाक्य खोटं होतं. बर्फ कमी होतोय, ते खरं आहे." या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. अक्का भिंतीला टेकून बसली होती. तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळले नाही. माझ्या शब्दावर ती आता कधी घर सोडेल, ही आशा मी त्या दिवशी सोडली.

श्रावणाच्या तोंडावर धरणाचे दरवाजे उघडले. मी फोन केला.

"खुणेच्या वर येनार का पानी?" तिने विचारले.

हो म्हणावे, असे फार वाटले. "मला माहीत नाही, अक्का. त्या बर्फाचा आपल्या पावसाशी किती संबंध आहे, हे अभ्यासकही अजून ठामपणे सांगत नाहीत. हवा तापली की पाऊस एकदम कोसळतो, एवढं सांगता येतं. भिंतीवरची खूण जुन्या पावसाची आहे."

पलीकडे म्हैस हंबरल्याचे ऐकू आले.

"बरं. म्हशी नणंदंकडं माळावर धाडतो. सांजच्या गाडीनं येतो."

आठ दिवस ती माझ्याकडे होती. पाणी तिच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबले आणि ओसरले. घरात थेंब आला नाही. जागा बदलल्यामुळे म्हशींचे दूध मात्र निम्म्यावर आले. मी अपराधी होऊन म्हणाले, "उगाच आणलं तुला."

"उगं कसं? ठाऊक न्हाय म्हनलीस म्हनून आलो. व्हय म्हनली असतीस, तर न्हाय आलो असतो."

निघताना तिने पिशवीतून दोन लुगडी पुन्हा बाहेर काढली.

"ही हितंच ऱ्हाऊ देत. दर साली कोन वाहून आननार?"

मी कपाटातला खालचा कप्पा रिकामा केला. वाकायला लागू नये म्हणून तिने मधला मागितला.