बावीस मीटरच्या आतला शब्द

माझा धाकटा भाऊ नऊ वर्षं देशाकडून रग्बी खेळला, आणि त्या नऊ वर्षांत त्याचा एकही सामना मी धड पाहिला नाही. चेंडू उंच गेला की मी डोळे मिटायचे. मग लोकांच्या ओरडण्यावरून अंदाज घेत एक डोळा उघडायचे, आणि तो उठून उभा दिसला तरच दुसरा. अशा भित्र्या बाईच्या भावाला वर्तमानपत्रवाले ‘निधडा’ म्हणायचे. ते नाव त्याला का पडलं हे आमच्या घरातल्या तिघांनाच ठाऊक होतं, आणि आम्ही तिघंही गप्प होतो.

आमचे बाबा काचा बसवायचे. खाली दुकान, वर दोन खोल्या. काच नेताना पुढे असेल त्याने ‘काच!’ म्हणून ओरडायचं, ही त्या धंद्यातली पहिली शिकवण. बाबा जिन्याच्या तळाशी ओरडले की तिसऱ्या मजल्यापर्यंतची माणसं भिंतीला चिकटून उभी राहायची. आवाजाच्या बाबतीत मी त्यांच्यावर गेले. बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते आणि दिवसभर माइकवरून गाड्या पुकारते. धाकट्याची मात्र जीभ अडखळायची. शब्द ओठांशी येऊन अडून बसायचा. त्यातून ‘म’ने सुरू होणारा असला तर बघायलाच नको, मान ताणली जायची, डोळे विस्फारायचे आणि तोंडातून नुसती हवा यायची.

म्हणून त्याच्या वाटचं मी बोलायचे. दुकानात, दवाखान्यात, दारात आलेल्या पाहुण्यांशीसुद्धा. त्याने तोंड उघडलं की पुढचं वाक्य मी पुरं केलेलं असायचं. शाळेतल्या बाईंनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्याचं त्याला बोलू दे गं. तू बोलतेस म्हणून तो थांबतो." मी शहाण्यासारखी मान डोलावली आणि त्याच संध्याकाळी, केस फार बारीक कापले म्हणून, त्याच्या वतीने न्हाव्याशी कडाक्याचं भांडले.

तो पंधरा वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. बाबांबरोबर एक मोठी काच वर नेत होता. पुढे तो, मागे बाबा. दुसऱ्या वळणावर शेजारच्या काकू बादली घेऊन खाली येत होत्या. त्याला त्या दिसल्या होत्या. बाबांना काचेमागून काही दिसत नव्हतं, ओरडायचं होतं ते यानेच. पण शब्द आला नाही. बादली काचेला लागली, काच तडकली, आणि ती काकूंच्या अंगावर जाऊ नये म्हणून बाबांनी ती स्वतःकडे ओढून घेतली. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं त्यानंतर कधी वळली नाहीत.

दवाखान्यात बाबा त्याला एवढंच म्हणाले, "काच गेली तर जाऊ दे. माणूस वाचलं ना?" ते पुन्हा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. धाकटा तर महिनाभर कशाबद्दलच बोलला नाही. 

रग्बीत त्याला ओढलं ते कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी. काचवाल्याचा मुलगा तो, हाती येईल ती वस्तू अलगद छातीशी घ्यायची त्याला सवय. त्यांनी त्याला फुलबॅक केलं. फुलबॅक म्हणजे सगळ्यांच्या मागे एकटा उभा असतो तो. समोरचे चेंडू आभाळात मारतात, तो खाली यायला चार सेकंद लागतात, आणि त्या चार सेकंदांत शंभर-शंभर किलोचे दोन-तीन गडी त्याच्या रोखाने धावत सुटलेले असतात. तो हवेत आहे तोवर त्याला हात लावायचा नाही. पाय टेकले की मोकळीक. याला खेळ कुणी म्हटलं, हे मला आजवर कळलेलं नाही.

आणि या जागेवरच्या माणसाला ओरडावं लागतं! चेंडू आपण घेणार असू तर ‘माझा!’ म्हणायचं, म्हणजे आपलाच गडी आडवा येत नाही. क्लबकडून खेळताना पहिल्याच वर्षी धाकट्याचा तो शब्द अडकला. बाजूचा विंगर, म्हणजे कडेने खेळणारा गडी, चेंडूखाली धावत आला, दोघं हवेत आदळले आणि विंगरचा जबडा मोडला. सहा आठवडे त्या पोराने नळीने जेवण घेतलं. धाकटा रोज त्याच्या उशाशी जाऊन बसायचा. घरी आला की हात धुवायचा, पुन्हा धुवायचा. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "ताई, मी ग-गप्प राहिलो की कुणीतरी म... म..."

"मरेल," मी म्हटलं. त्याच्यासाठी तेवढंही मीच बोलले.

पुढे त्याने विंगरांना सांगून ठेवलं की डावा हात वर गेला म्हणजे चेंडू माझा. ते जमून गेलं. पण एक गोष्ट हाताने होत नाही. आपल्या गोलरेषेपासून बावीस मीटरच्या आत असा चेंडू थेट झेलला आणि झेलताझेलता ‘मार्क!’ म्हणून ओरडलं, तर पंच शिट्टी वाजवतो. खेळ थांबतो, अंगावर कुणी येऊ शकत नाही. फुलबॅकला जीव वाचवायला नियमाने दिलेला हा एकच शब्द, आणि तो नेमका ‘म’चा.

त्याने तो कधी उच्चारला नाही. झेलायचा, मार खायचा किंवा तसाच मुसंडी मारायचा. तेविसाव्या वर्षी देशाच्या संघात गेला तेव्हा लोकांना वाटलं, काय छाती आहे पोराची, मार्क मागतच नाही! पंधरा नंबरच्या जर्सीवर पोरंटोरं ‘निधडा’ लिहून फिरू लागली. मुलाखतीला तो कर्णधाराला पुढे करायचा, तर त्यावर मथळा आला की हा बोलत नाही, करून दाखवतो. मला हसावं की रडावं कळेना. सामन्याच्या दिवशी सकाळी मला त्याचा फोन यायचा. तो काही बोलायचा नाही, नुसता श्वास ऐकू यायचा. मीही जीव मुठीत धरून तो ऐकत राहायचे.

समोरच्या संघांच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. हा मार्क मागत नाही म्हटल्यावर ते मुद्दाम त्याच्याच डोक्यावर चेंडू मारायला लागले आणि बेधडक अंगावर यायला लागले. त्याच्या दोन बरगड्या गेल्या, एक खांदा गेला. नवव्या वर्षी एका सकाळी त्याला शर्टाचं बटण लावता येईना. डाव्या हाताला मुंग्या येत होत्या.

मानेच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला. "पुन्हा समोरून असा दणका बसला तर हा हात गेलाच समजा. नशीब वाईट असेल तर पायही." निवृत्ती त्याने आधीच जाहीर केली होती, एकच सामना उरला होता. संघाच्या डॉक्टरांनी धोका समजावून निर्णय त्याच्यावर सोडला. मी म्हटलं, नाही खेळायचं. तो म्हणाला, "शेवटचा आहे. ब-बाबा येणार आहेत." बाबा एकाही सामन्याला गेले नव्हते.

"मग मार्क माग!"

"तो शब्द म-मला येत नाही."

"येत नाही म्हणजे काय? एवढासा शब्द!"

"तुला ए-एवढासा."

दोन आठवडे रोज दुपारी, दुकान बंद असताना, मी माळ्यावर चढून खाली चेंडू टाकायचे. तो झेलायचा. चेंडू छातीशी आल्यावर ओठ मिटायचे, मान ताणली जायची, आणि शब्द बाहेर पडेपर्यंत, मैदानावर असता तर तो केव्हाच आडवा झाला असता. माझ्याने राहवायचं नाही. मीच वरून ओरडायचे, "मार्क!" दहाव्या दिवशी त्याने चेंडू जमिनीवर आपटला.

"तू म-म्हणू नकोस! तू म्हटलंस की माझा ज-जातो."

बाबा कोपऱ्यात काचेच्या कडा घासत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "वळणावर पोचल्यावर ओरडून उपयोग नसतो. मी चार पायऱ्या आधी सुरू करायचो." सतरा वर्षांत बाबांनी त्या जिन्याचं नाव पहिल्यांदा काढलं होतं.

धाकट्याने चेंडू उचलून माझ्याकडे फेकला. मी पुन्हा टाकला. चेंडू माझ्या हातातून सुटायच्या आतच त्याचे ओठ हलायला लागले होते. त्या दिवशी तीसपैकी चार वेळा जमलं.

सामन्याला आम्ही बावीसच्या रेषेलगत बसलो, मैदानापासून दहा हातांवर. मी बाबांना आधीच सांगून ठेवलं होतं, मी डोळे मिटणार. शेवटची आठ मिनिटं राहिली, आमचे दोन गुण जास्त होते. आणि चेंडू वर गेला, सरळ त्याच्या डोक्यावर.

मला डोळे मिटता आले नाहीत. त्याचा डावा हात वर गेला. विंगर बाजूला झाला. तिघे जण सुटले होते, त्यांच्या बुटांचा आवाज माझ्या पोटात येत होता. चेंडू अजून वरच होता आणि धाकट्याचे ओठ मिटले, मान ताणली गेली. त्या दुखऱ्या मानेची शीर न् शीर मला दिसत होती. साऱ्या मैदानाला वाटत असेल, तो चेंडूकडे बघतोय. तो शब्दाशी झटत होता. माझ्या ओठांवर ‘म’ तयारच होता, तोंड उघडलं असतं तर अख्ख्या मैदानाला ऐकू गेला असता. मी दोन्ही तळवे तोंडावर दाबून धरले. बाबांनी माझा दंड पकडला होता, न वळणारी दोन बोटं ताठ बाहेर. तो उडाला. चेंडू छातीशी आला.

"मार्क!"

त्याचा आवाज इतका मोठा आहे, हे मला माहीतच नव्हतं. पाय टेकले आणि शिट्टी झाली. पहिला गडी त्याला चाटून पुढे गेला, मागचे दोघे वेळेवर थांबले. मग कुठून कुठून हुर्यो सुरू झाली. आमच्या मागचा एक जण म्हणाला, "घाबरला! म्हणे निधडा!" एरवी मी त्याची तिथल्या तिथे शोभा केली असती. माझे हात अजून तोंडावरच होते. दुसऱ्या दिवशी एका मथळ्यातही तेच आलं, शेवटच्या सामन्यात निधडा घाबरला.

संध्याकाळी तो कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर आला तेव्हा दोन्ही हातांत बॅगा होत्या, दोन्ही हात शाबूत. आमच्यासमोर उभा राहून त्याने तोंड उघडलं. "त... त..."

पुढचा शब्द मला माहीत होता. पुढचं सगळं वाक्यच माहीत होतं. मी गप्प उभी राहिले. बराच वेळ लागला, लोक वळून बघायला लागले, तरी मी गप्प राहिले.

"ताई, ऐ-ऐकू आलं का?"

मी नुसती मान हलवली. बाबांनी त्याच्या हातातली एक बॅग उरलेल्या तीन बोटांनी घेतली आणि म्हणाले, "तिसऱ्या मजल्यापर्यंत."