तीन ओळींची दुरुस्ती

बायको होती तोवर त्याला ‘पोस्टमन’ म्हणायची. त्यानं जावास्क्रिप्ट या कॉम्प्युटरच्या भाषेत एक छोटीशी लायब्ररी, म्हणजे कुणालाही आपल्या वेबसाइटला जोडता येईल असा तयार कोड, लिहून फुकट वाटली होती. वेबसाइटला दुसऱ्या कॉम्प्युटरकडून काही हवं असलं, की ही लायब्ररी निरोप घेऊन जायची आणि उत्तर घेऊन यायची. बस्स, एवढंच काम. चहा संपायच्या आत वाचून होईल इतकी ती लहान, आणि हजारो लोकांनी आपापल्या वेबसाइटवर बसवलेली. पण चालणाऱ्या वस्तूच्या मालकाची विचारपूस कोण करतं? नळाला नीट पाणी येतंय म्हणून प्लंबरला कोणी फोन केलाय कधी?

विचारपूस व्हायची ती एका दोषापायी. समोरून कोरं उत्तर आलं, की तसं सांगायचं सोडून लायब्ररी ढिम्म थांबून राहायची. लोक वैतागून तक्रार लिहायचे. हा प्रत्येकाला लांबलचक, आर्जवी उत्तर द्यायचा, तात्पुरता तोडगा सुचवायचा. दोष नेमका कुठे आहे, हे त्याला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. तीन ओळींचं काम. पण ते केलं तर पत्रं थांबली असती. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, काम घरूनच, खोलीत दोन खुर्च्या आणि दुसरीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग. माणसानं बोलायचं तरी कुणाशी? गडी मूग गिळून बसला.

सगळ्यात जास्त पत्रं एका बाईंची. त्या रक्त तपासणाऱ्या लॅबची वेबसाइट सांभाळायच्या. तक्रारीखाली दोन ओळी घरच्या असायच्या: आईचा गुडघा, बाल्कनीतली कबुतरं. शेवटी, ‘जेवलात का?’ हा वाचून एकटाच हसायचा, आणि दोषाला आणखी महिनाभर जीवदान मिळायचं.

मग एका सोमवारी बाईंनी लिहिलं, ‘आज एका आजोबांचा रिपोर्ट मागवला. त्यांची तपासणी झालीच नव्हती, म्हणून उत्तर कोरं आलं. पण पडद्यावर नुसतं थांबा, थांबा. बिचारे दोन तास उपाशीपोटी बाकावर बसून होते. बरोबर कोणी नव्हतं. दादा, काहीतरी करा हो.’

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दहा मिनिटांत त्यानं त्या तीन ओळी लिहिल्या आणि नवी आवृत्ती सोडली.

दुपारी बाईंचं पत्र आलं. ‘वा! चाललं की! सापडला तरी कसा हो? सगळी कामं बाजूला टाकून शोधत बसलात ना माझ्यापायी?’

‘हो’ म्हटलं असतं तर बाईंनी गुण गायले असते, पुढेही अधूनमधून खुशाली विचारली असती. त्यानं ‘हो’ टाइप केलंही. पण बाकावरचे ते आजोबा काही केल्या डोळ्यांसमोरून हलेनात. त्यानं ते खोडलं आणि लिहिलं, ‘दोष मला दोन वर्षांपासून माहीत होता. तुमची पत्रं थांबतील म्हणून मी तसाच ठेवला. चुकलं माझं.’

उत्तर आलं नाही. त्या आठवड्यात नाही, त्या महिन्यात नाही. इतरांच्या तक्रारीही हळूहळू आटल्या. लायब्ररी आता झकास चालते, आणि दिवसचे दिवस त्याच्याशी कुणी बोलत नाही.