ठिपक्यांचा भोपळा

परसात काय लावायचं, कधी लावायचं आणि तोडलेलं कुणाच्या घरी धाडायचं, हे सव्वीस वर्षं थोरलीच ठरवत आली होती. ती घरी बसून दवाखान्याच्या चादरी आणि शाळेचे गणवेश शिवायची. मान आखडली की शिलाईमशीनवरून उठायची, मागच्या दाराने वाफ्यात जायची आणि वांग्यांना चार शब्द सुनावून परत यायची. तिच्या लांब मानेच्या भोपळ्याचं बी गल्लीतल्या निम्म्या घरांत गेलं होतं. कुणाच्या वेलीवर कीड पडली की माणूस आधी तिचं दार वाजवायचा.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि धाकटी जाऊ आली. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. वर्षभर तिने नुसतं बघितलं आणि एक दिवस म्हणाली, "ताई, भिंतीकडचे दोन वाफे मला द्याल? आपली हौस."

"घे की," थोरली म्हणाली. "रोपं मेली की सांग. माती परत मी नीट करून घेईन."

रोपं मेली नाहीत. जांभळ्या शेंगांचा घेवडा आला, पिवळे टोमॅटो आले. तिसऱ्या वर्षी धाकटीने कुठूनसं बी मागवून भोपळे लावले. वाटोळे, हिरव्या पट्ट्यांचे, साच्यातून काढल्यासारखे सगळे सारखे. बघायला येणारी माणसं थोरलीचे वाफे ओलांडून थेट भिंतीपाशी जाऊन उभी राहू लागली.

"हात चांगला आहे हो हिचा," सासूबाई म्हणाल्या.

"कुणाचा?" थोरलीने विचारलं.

"धाकटीचा. तुझा पण आहे."

ते 'पण' थोरलीला आठवडाभर टोचत राहिलं. नवऱ्याला तिने ते तीनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "अगं, भोपळा आहे तो. कुणी तुझी खुर्ची नाही नेली."

"तुम्हाला काय कळतंय," ती म्हणाली. खुर्चीच तर नेली होती.

पुढच्या वर्षी एका संध्याकाळी धाकटी वेलीपाशी उकिडवी बसून मिटलेल्या फुलाच्या तोंडाला दोरा गुंडाळताना दिसली.

"हे काय, फुलाला मुसकं?"

"उद्या उमलणार आहे ताई. हे बघा, खाली इवलासा भोपळा दिसतोय ना, म्हणजे हे मादी फूल. आज तोंड बांधलं की माश्या शिरत नाहीत. सकाळी माझ्याच वेलीचं नर फूल आतून फिरवायचं आणि परत बांधायचं. म्हणजे बी शुद्ध राहतं. नाहीतर तुमच्या भोपळ्याचा पराग येऊन सगळं बिघडायचं."

"माझ्या भोपळ्याने बिघडायचं?"

"तसं नाही हो ताई."

तसंच होतं. थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी घर उठायच्या आत ती परसात गेली. स्वतःच्या वेलीवरचं दांडगं नर फूल तोडलं, धाकटीच्या फुलाचा दोरा सोडवला, आत चांगलं घोळवलं आणि पहिल्यासारखाच दोरा बांधून टाकला. सुईदोऱ्यात जन्म गेलेले हात ते, कुणाला पत्ता लागणार? तासाभराने धाकटी आली, तिने आपलं नर फूल फिरवलं आणि गुणगुणत कामावर गेली.

आता थोरलीला वाट बघायची होती. भोपळा वाकडा होईल, त्याला मान फुटेल, पट्टे फिसकटतील. ती रोज एक चक्कर टाकायची. भोपळा वाढत गेला तो वाटोळाच, पट्टेही रेघ मारल्यासारखे. सगळ्या वेलींत देखणा तोच निघाला.

तिला माहीत नव्हतं ते एवढंच, की फळ आपल्या वेलीच्या वळणावर जातं. बाहेरचा पराग बियांत गुपचूप बसतो आणि त्या बिया लावल्या की मग तोंड दाखवतो. सव्वीस वर्षं तिच्या परसात एकाच जातीचा भोपळा होता, हे कळायची वेळच आली नव्हती.

धाकटीने त्या देखण्या भोपळ्याचं बी राखलं आणि पुढच्या वर्षी त्याच्या सहा वेली लावल्या. दोन वेलींवर वाटोळे, पट्ट्यांचे भोपळे आले. चार वेलींवर भलतेच. आखूड मानेचे, हिरव्यावर केशरी ठिपके उडवल्यासारखे. शिजवले तर मीठसुद्धा न घालता खावे असे गोड. गल्ली लोटली. सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

थोरलीने एक फोड तोंडात टाकली, वेलीवरच्या भोपळ्यांकडे पाहिलं आणि तिला मान ओळखू आली. आपली मान, आपला गोडवा.

रविवारी भोपळ्याचं ऐकून रोपवाटिकावाला येऊन बसला. "असा भोपळा मी पाहिला नाही," तो धाकटीला म्हणाला. "दुकानात याच्या बियांची पाकिटं ठेवू. वर पाटी लावतो, तुमच्या नावाची. फक्त कसा केला ते सांगा. याचंच बी पेरलं तर दहा वेलींवर दहा तऱ्हा निघतील. दरवर्षी जोडी नव्याने जुळवावी लागेल."

"खरं सांगू? माझं मलाच कळलेलं नाही," धाकटी म्हणाली. "आपोआप झालं."

"मग राहिलं. पुन्हा व्हायचा नाही तो."

थोरली पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी राहिली. बोलावं तर अब्रू जाते. गप्प बसावं तर भोपळा जातो, आणि गेला तरी लोकांच्या तोंडी धाकटीचाच म्हणून राहतो. हे दुसरं तिला सोसवेना.

"आपोआप कसला होतोय," ती म्हणाली. "मी केलाय."

धाकटीने वर बघितलं.

"तुझ्या फुलात माझ्या वेलीचं फूल घातलं. गेल्या वर्षी. तू उठायच्या आधी."

"का?"

"बिघडावं म्हणून."

रोपवाटिकावाल्याने चहात लक्ष घातलं. सासूबाईंना एरवी मोठ्याने बोललेलं ऐकू यायचं नाही, त्या पुढे सरकून बसल्या.

 धाकटीचे कान लाल झाले होते. "दोन महिने मी माझ्या वहीत चूक शोधतेय," ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्याच हातून काहीतरी राहिलं."

"तुझ्या हातून काही राहिलं नव्हतं," थोरली म्हणाली. तेवढं म्हणतानासुद्धा तिला जड गेलं.

"म्हणजे दरवर्षी फूल तुमच्या वेलीचं लागणार."

"लागणारच."

"आणि पाटीवर तुमचंही नाव हवं."

"हवंच."

"लावू की. पण लोक विचारणार, दोघींनी मिळून कसा केला. मी खोटं सांगणार नाही, ताई. चोरून आलात तेही सांगेन आणि कशासाठी आलात तेही."

थोरलीने तांब्या खाली ठेवला. गल्लीतली एकेक तोंडं तिच्या डोळ्यांसमोरून गेली, आणि सगळ्यांच्या शेवटी ती पाटी.

"सांग," ती म्हणाली. "पण नाव माझं आधी लिहायचं."