नांदेडच्या मशीनचा प्रश्न

मुलांनो, हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. तुम्ही तिकडे संगणकावरच काम करता, म्हणून वाटतं — तुमच्यापाशीच बोलावं. क्रमाने सांगते.

साखरा गावची आजी, म्हणजे माझी धाकटी जाऊ, तुम्हाला खुर्चीत बसलेलीच आठवत असेल. त्याआधी ती भिंत धरून का होईना, चालत होती. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस होता — नसांचं आवरण झिजवणारा आजार. दोन हजार सालानंतर कधीतरी तिला नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरांकडे एक सॉफ्टवेअर होतं. डोळे, हात, पाय, तोल तपासून एकेक नोंद भरायची, शेवटी अपंगत्वाचा आकडा यायचा, शून्य ते दहा. मला ते फार आवडलं. कंटाळा नाही, भीड नाही, काही वगळणं नाही.

डॉक्टर दक्षिणेकडचे, मराठी येत नव्हतं. मी इंग्रजीची शिक्षिका, दुभाषी मीच.

मग प्रश्न आला — लघवी रोखता येते का?

जाऊ सरळ म्हणाली, "न्हाई ना, अक्का. लुगडं ओलं होऊन राहिलं. सांगा की त्यायला."

आणि मी? शेजारी दोन तरुण शिकाऊ डॉक्टर, दारात माझे दीर — मी इंग्रजीत म्हणाले, काही तक्रार नाही.

डॉक्टर पडद्याकडे बघत थांबले. पाय इतके कमजोर, तर हे उत्तर जुळत नाही, पुन्हा विचारा — सॉफ्टवेअरने तसं दाखवलं होतं. तेव्हा तरी खरं बोलावं ना? मी तिला विचारलंसुद्धा नाही. तेच उत्तर पुन्हा दिलं.

उपचार त्यावरूनच ठरले. लघवीकडे कुणी पाहिलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला, ताप हटेना, तापाने नसांचा आजार उसळला, आणि ताप उतरला तेव्हा तिचे पाय गेले होते.

हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? खोलीभर माणसं होती. तिला कसला संकोच? "सांगितलं की बाई, नांदेडच्या मशीनला. त्याला बायांचं काय उमगतंय?"

सगळे हसले. तीही हसली. मी तिची उशी सारखी केली.

मग येईल त्या पाहुण्याला ती हे सांगायची, अगदी शेवटपर्यंत, आणि मी चहाचा ट्रे धरून ऐकत उभी असायची.

मशीनला उमगलं होतं. त्याने दोनदा विचारलं होतं.