सुईआधी न म्हणायचा शब्द

दवाखान्यातल्या थोरल्या सिस्टरनी तिच्या नुकत्या जन्मलेल्या मुलीला पहिल्यांदा 'डार्लिंग' म्हटलं, तेव्हा त्या आईच्या कपाळावर आठी पडली.

आठी पडायला तसंच कारण होतं. हा शब्द तिला पहिल्यांदा भेटला तो शाळेच्या वाटेवर, सायकलच्या दुकानाबाहेर टवाळक्या करत बसलेल्या पोरांच्या तोंडी. तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की मान खाली घालायची आणि पाय उचलायचे. कॉलेजात एक मैत्रीण कँटीनमध्ये ज्याला त्याला डार्लिंग म्हणायची आणि त्याच्याच बशीतलं खायची. पुढे ऑफिसात शेजारच्या टेबलावरची बाई वाक्याची सुरुवात या शब्दाने करायला लागली, की समजायचं, हिचं काम आज आपल्या गळ्यात पडणार. दहा जणांनी तोंड पुसलेल्या टॉवेलसारखा झाला होता तो शब्द. आणि तोच आता तिच्या मुलीला? जिला तिने स्वतःही अजून कशानेच हाक मारली नव्हती?

हाक मारायची तिची छाती होत नव्हती. मुलगी वेळेच्या फार आधी आली होती. काचेच्या उबदार पेटीत ती एखाद्या पानासारखी पडलेली असायची. बापाने बोटातली अंगठी काढून दिली असती, तर ती तिच्या दंडापर्यंत सरकली असती. नाकातून पोटात गेलेली बारीक नळी, छातीवर चिकटवलेल्या तारा, डोक्यावर मोज्याची शिवलेली टोपी. पेटीला बाजूने दोन गोल खिडक्या होत्या, हात घालायला. पेटीवरच्या चिठ्ठीत नावाच्या जागी नुसतं 'मुलगी' लिहिलेलं होतं. नावाचा विषय घरात कुणी काढत नव्हतं. नाव ठेवलं आणि... त्या 'आणि'च्या पुढे कुणाची जीभ वळत नव्हती.

डॉक्टरांनी एकच गोष्ट सांगितली होती. हिने तोंडाने दूध ओढलं पाहिजे. ओढायला लागली की नळी निघेल, नळी निघाली की घर. ओढलं नाही तर? यावर डॉक्टर चष्मा पुसायचे.

थोरल्या सिस्टर त्या वॉर्डातल्या सगळ्यांत जुन्या. अंगाने आडव्या, आवाज घोगरा, चालताना गुडघा कटकट वाजणार. पण त्यांचे हात त्या गोल खिडक्यांतून आत गेले, की ते दुसऱ्याच कुणाचे तरी वाटायचे. कोपरापर्यंत साबण लावून हात धुताना त्या आपली कहाणी थोडी थोडी सांगायच्या. सांगायच्या नळाला, ऐकायची शेजारी हात धुणारी ही.

शिकाऊ असताना त्यांच्या मेट्रन, म्हणजे मुख्य नर्सबाई, 'माय डार्लिंग' म्हणाल्या, की मुली समजून जायच्या. रजा रद्द झाली असणार, नाहीतर फरशी पुन्हा पुसायची असणार. लग्न झालं ते ट्रक ड्रायव्हरशी. त्याने ट्रकच्या काचेवर तोच शब्द ठळक रंगवून घेतला होता. बायकोला मात्र तो आयुष्यभर 'ऐकलंस का'च म्हणत आला.

"मला सवत होती ती," सिस्टर म्हणाल्या. "सहा चाकांची. पण म्हातारपणी ट्रक विकला, त्या दिवशी हे जेवले नाहीत. तेव्हा मला कळलं, शब्द खोटा नव्हता. पत्ता तेवढा चुकला होता."

या वॉर्डात त्यांच्या वाट्याला आलेलं पहिलं बाळ एक मुलगा होता. त्याचे आईबाप भीतीने आतच येत नसत. त्याला हाक मारायला काही नव्हतं आणि न बोलता कुणाच्या अंगाला हात लावायचा त्यांचा स्वभाव नव्हता. तोंडात आला तो मेट्रनचा शब्द. मग त्यांच्या लक्षात आलं, की कुणीही हात लावला तरी हा दचकतो. दचकणारच. आजवर हात आला तो सुई घेऊनच आला होता. त्या दिवसापासून त्यांनी नियम केला. पुसायचं असेल, कूस बदलायची असेल, दूध द्यायचं असेल, तर आधी डार्लिंग. टोचायचं असेल तेव्हा अवाक्षर नाही.

"मग तो मुलगा?" हिने घाबरत विचारलं.

"असेल आता कुठेतरी. पोराला परीक्षेत कॉपी पुरवत असेल मेला."

त्यानंतर ती पेटीपाशी बसून डोळे फाडून बघायला लागली. सिस्टर खिडकीशी वाकून तो शब्द म्हणायच्या, थांबायच्या, आणि हात पोचायच्या आधीच मुलीच्या पायाची मुडपलेली बोटं सैल पडायची. शेजारच्या यंत्राच्या पडद्यावर धावणारे ठोके हळूहळू शांत व्हायचे. ज्या जिवाला अजून डोळे नीट उघडता येत नव्हते, त्याला एक शब्द ओळखता येत होता. डॉक्टर म्हणायचे, याला काही पुरावा नाही. पण टोचताना तेही गप्प असायचे.

आणि मग आईनेच घोळ घातला.

सिस्टर दुसऱ्या पेटीशी होत्या. रक्त घ्यायला आलेल्या माणसाने मुलीची टाच धरली. मुलीने तोंड एवढं मोठं उघडलं, पण काचेबाहेर आवाज आलाच नाही. तो न येणारा आवाज हिला सहन झाला नाही. ती खिडकीशी वाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून तो शब्द निघाला. एकदा नाही, सुई टाचेत असेपर्यंत पुन्हा पुन्हा.

सिस्टरनी वळून पाहिलं. दुधाची वेळ झाली, तेव्हा त्या नेहमीसारख्या वाकल्या आणि शब्द म्हणाल्या. मुलीने पाय पोटाशी ओढून घेतला. हाताची बोटं ताठ पसरली. पडद्यावरचा आकडा घसरला आणि यंत्र कोकलायला लागलं.

दूध नळीनेच गेलं. त्या दिवशी छातीशी धरून बघायचं ठरलं होतं, ते राहिलं.

"सुईच्या वेळी का म्हणालीस?" सिस्टरनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"धीर द्यायला."

"धीर तुला हवा होता, बाई."

तिला रडू आवरेना. मुलीजवळ सुखाची म्हणून एकच वस्तू होती, तीही आपण मोडली, असं तिच्या मनाने घेतलं. सिस्टरनी तिला रडून घेऊ दिलं आणि मग हात धुवायला पाठवलं. परत आल्यावर सांगितलं, की यापुढे या पेटीशी मी तो शब्द उच्चारणार नाही. आता तो तुझा. म्हणायचा आणि तळवा नुसता ठेवायचा. कुरवाळायचं नाही, एवढ्या कोवळ्या कातडीला तेही बोचतं. काही करायचं नाही, काही मागायचं नाही. आणि सुई आली की उठून बाहेर जायचं.

ती बसली. सुरुवातीला तिची जीभच उचलेना. वॉर्डात येणारे जाणारे ऐकतात, आणि आपण काचेला तोंड लावून हे काय म्हणतोय! मुलगी पाय आखडायची, ती तळवा ठेवून बसायची. पुन्हा म्हणायची, पुन्हा बसायची. तिचा नवरा डबा घेऊन आला, त्याने दारातून ऐकलं आणि म्हणाला, "एवढ्या वर्षांत मला एकदा तरी म्हणालीस का हे?"

"त्या वजनात तू बसत नाहीस," ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी दोघं हसले.

कधी फरक पडला, हे तिला सांगता आलं नसतं. पाय आखडायचा, पण उशिरा. मग अर्धाच. मग एका सकाळी तिने शब्द म्हटला आणि मुलीने पाय होता तसाच राहू दिला.

सिस्टर दुरून बघत होत्या. त्या आल्या आणि तारा सांभाळत मुलीला बाहेर काढून आईच्या उघड्या छातीवर ठेवलं. वजन असं जाणवलंच नाही, जाणवली ती ऊब.

"हं," सिस्टर म्हणाल्या आणि पडद्याकडे बघत राहिल्या.

तिने हलकेच तो शब्द म्हटला. मुलीची मान हलली. बटणाच्या काजाएवढं तोंड उघडलं, इकडे तिकडे चुकलं, सापडलं, आणि मुलीने ओढलं. त्या इवल्या जबड्याची ओढ आईला थेट पाठीच्या कण्यात जाणवली. मग मुलगी थांबली. यंत्र गप्प होतं. घोट गेला, श्वास आला, आणि पुन्हा ओढ. आधी ओढायचं, मग गिळायचं, मग श्वास घ्यायचा. कुणी शिकवलं होतं हे हिला? आईने स्वतःचा श्वास रोखून धरला, आपल्या छातीच्या हालण्याने मुलीचा ताल चुकू नये म्हणून.

तोंडाच्या कोपऱ्यातून दुधाचा एक थेंब ओघळला.

"आज एवढंच," सिस्टर हळूच म्हणाल्या. "दमली ती."

पण मुलीने तोंड सोडलं नव्हतं. सिस्टरनी पुढे केलेले हात मागे घेतले आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.