धीरज पागधरेचं नाक

दातिवऱ्याच्या धीरज पागधरेला पिण्याचा नाद कधीच नव्हता. नाद होता तो वासाचा. घरची होडी होती, पण होडीत बसलं की त्याला मळमळायचं, म्हणून तो हॉटेलच्या कामाला लागला आणि नाशिककडच्या एका द्राक्षमळ्यात आठ वर्षं पाहुण्यांना वाइन चाखवत राहिला. डोळे बांधून नाकाखाली पेला धरला तरी तो वाइनचं नाव सांगायचा. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तो गावी परतला आणि अण्णांच्या चिकूच्या वाडीत नोकरीला राहिला. अण्णांनी वाडीत पाहुण्यांच्या जेवणाची सोय केली होती. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतली मंडळी रविवारी दुपारी यायची, कोळशावर भाजलेलं खायची आणि धीरज देईल ती वाइन प्यायची.

एकवीस सालच्या एप्रिलात त्याला ताप आला. ताप आठ दिवसांत उतरला, पण वास गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, सहा महिने थांबा. सहा महिन्यांची तीन वर्षं झाली. दूध करपलं तरी धीरजला कळेना. वाळत घातलेल्या बोंबलांच्या मांडवांखालून जाताना आपण परक्या गावात आलोय, असं त्याला वाटायचं. ही गोष्ट ठाऊक होती फक्त त्याची बायको मेघाली हिला.

"अण्णांना सांगून टाक," ती म्हणायची.

"मंग ते मला कशाला ठेवतील?"

जिभेला आंबट, गोड, कडू, तुरट एवढं अजून कळत होतं. बाकीचं तो आठवणीवर चालवायचा. पेला फिरवायचा, नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचा आणि मान हलवायचा. लोक त्या मानेवर विसंबून प्यायचे.

जानेवारीत बोईसरच्या हेतलबेन आल्या. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून चाळीस माणसांचं जेवण ठरवायचं होतं. हिरव्या मसाल्यातलं पापलेट, लाल तिखट लावलेली कोंबडी, मटणाचे कबाब, आणि निम्मे लोक शाकाहारी म्हणून पनीर आणि मक्याची कणसं.

"धीरजभाई, मला यातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "भाजलेल्याबरोबर लालच द्यायची असते ना?"

"तसं काही नाही. तिखटाबरोबर तुरट लाल दिली तर तोंडाची आग वाढते. कोंबडीला थोडी गोडसर, गार पांढरी देऊ. पापलेटाला आंबटसर, लिंबू पिळल्यासारखी. पनीर आणि कणसांना गुलाबी. लाल फक्त कबाबांना. कोळशाचा धूर आणि मटणाची चरबी तिला पेलते."

हेतलबेन खूश होऊन गेल्या. धीरजलाही बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. निवड चोख होती, यात त्याला शंका नव्हती.

पण लाल वाइनची सहा बाटल्यांची पेटी गेल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तापत राहिली होती, वीज चार दिवस नव्हती तेव्हा. ही गोष्ट त्याच्या ध्यानातून गेली.

रविवारी मांडवात जेवण सुरू झालं. पांढरी झाली, गुलाबी झाली, लोक धीरजचं कौतुक करत होते. कबाब उतरायला लागले तशी त्याने पहिली लाल बाटली उघडली. नेहमीसारखा पेला नाकाशी नेला, एक घोट घेतला. जरा आंबट लागली, पण आधी गोडसर पांढरी चाखली होती, म्हणून तसं लागत असेल, असं त्याने धरलं. मान हलवली. चार पेले भरून पाठवले आणि दुसरी बाटली घेऊन शेगडीपाशी आला.

शेगडीवर बुधी होती. जव्हारकडची बाई, भाताची कापणी संपली की दरवर्षी घरच्यांसोबत खाली कामाला यायची. बाटलीचं बूच निघालं तसं तिने कबाब उलटता उलटता नाक मुरडलं.

"धीरज, ही देऊ नको. नासली हाय."

"कशावरून?"

"उतरलेली ताडी अशी वासते, तिसऱ्या दिशी. तुला नाय येत वास?"

धीरजने वळून पाहिलं. मांडवात हेतलबेन पेल्यातला दुसरा घोट घेत होत्या. चेहरा आंबट झाला होता, पण शेजारणीला म्हणत होत्या, "भारी वाइन अशीच लागते म्हणे." ते ऐकून धीरजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसलं तर मांडवात कुणालाच कळणार नव्हतं. तेच त्याला सहन झालं नाही.

तो सरळ मांडवात गेला, चारही पेले उचलायला लागला आणि म्हणाला, "ही बिघडलेली आहे. मी दिली, मला कळलं नाही. माफ करा."

हेतलबेननी पेला सोडला, पण नंतर त्याच्याकडे पाहिलं नाही. कबाबांबरोबर गुलाबीच द्यावी लागली.

पाहुणे गेल्यावर अण्णांनी त्याला ओटीवर बोलावलं. "तुझ्यासारख्या माणसाला कळलं नाही, हे मला पटत नाही."

धीरजने सगळं सांगितलं. अण्णांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला.

"तीन वर्षं? आणि मी लोकांना सांगतोय, आमच्या धीरजचं नाक."

"निवड माझीच होती, अण्णा. ती चुकली नव्हती."

"निवडीचं मी काही म्हणत नाही." त्यांनी बुधीला हाक मारली. "यापुढे बाटली उघडली की आधी तू हुंगायची."

बुधीने हात पदराला पुसले. "नाय. आज वास आला म्हणून बोलले. माजा घोव याच्यातच गेला. शेगडी सांगा, ती करीन. हे नाय करणार." आणि ती भांडी आवरायला निघून गेली. तिला आग्रह करायची धीरजचीही हिंमत झाली नाही.

मग मेघाली आली. मासळी ताजी की कालची, हे ती लांबूनच ओळखायची. आता रविवारी ती वाडीच्या मागच्या खोलीत एकेक बाटली हुंगते, पीत नाही. तरी पागधऱ्यांची सून दारूच्या बाटल्या हुंगते, ही बातमी दातिवऱ्यात पोचलीच. सासू चार दिवस तिच्या हातचं जेवली नाही. पाहुण्यांपुढे पेला नाकाशी न्यायचं धीरजने सोडून दिलंय. काही जुने लोक आता येत नाहीत.

परवा मेघालीने एक बाटली हुंगून बाजूला ठेवली.

"कशी हाय?" धीरजने विचारलं.

"खराब नाय. पन आमी शिमगा सरला की करवंदं तोडायला जायचो ना, हात लागला की पाल्याचा यायचा, तसा वास हाय."

"ओल्या पाल्याचा का सुकलेल्या?"

तिने पुन्हा बाटली नाकाशी धरली आणि बराच वेळ विचार करत राहिली. धीरज तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.